दूरच्या दोन युनिक्स यंत्रांमध्ये आयपी टनेल: पिंग जातं, फायली अडकतात

सॉकेटराव

मांडणी अशी आहे. 'अ' टोकाला डेबियन, सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.१०, मागे १०.१.०.०/२४ हे नेटवर्क. 'ब' टोकाला फ्रीबीएसडी, सार्वजनिक पत्ता १९८.५१.१००.२०, मागे १०.२.०.०/२४. (सार्वजनिक पत्ते उदाहरणांसाठी राखीव असलेल्या गटांतले घातलेत.) दोन टोकांमध्ये पिंग साधारण १८० मिलिसेकंद. दोन्हीकडच्या यंत्रांना एकमेकांशी थेट खाजगी पत्त्यांवर बोलता यावं, एवढंच हवंय.

साधं आयपीआयपी टनेल (एका आयपी पॅकेटच्या पोटात दुसरं आयपी पॅकेट) उभं केलंय. आतले पत्ते १०.२५५.०.१ आणि १०.२५५.०.२. पिंग सगळीकडून सगळीकडे जातं. 'अ' यंत्रावरून 'ब' यंत्रावर फाईल व्यवस्थित जाते. 'ब' च्या मागच्या यंत्रांवरून 'अ' च्या मागच्या यंत्रांवर फाईल जाते. पण 'अ' च्या मागच्या यंत्रावरून 'ब' च्या मागच्या यंत्रावर पाठवली की पहिल्या काही किलोबाइटांनंतर ठप्प. एसएसएच तर कधी कधी की-एक्स्चेंजलाच लटकतं.

दोन प्रश्न: हे का होतंय, आणि मुळात आयपीआयपी ठेवावं की दुसरं काही?

---

पाकीटमार

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. दुसरं काही असूच शकत नाही. पिंग लहान असतं म्हणून जातं, फाईल म्हटली की पूर्ण आकाराची पॅकेटं सुटतात आणि ती गळतात.

आधी टनेलच्या बाहेरून मोजा. 'अ' वरून 'ब' च्या सार्वजनिक पत्त्याला, तुकडे करायला मनाई करून (कमांडा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन; -एम हा मोठा एम):

पिंग -एम डू -एस १४७२ १९८.५१.१००.२०

१४७२ मध्ये आयसीएमपीचे (पिंग आणि चुकांचे निरोप वाहणारा प्रोटोकॉल) ८ आणि आयपीचे २० मिळवा, १५०० झाले. फ्रीबीएसडीवर -एम डू नसतं, तिथे -डी (मोठा डी). उत्तर येत नसेल तर आकडा कमी करत जा आणि सर्वांत मोठा कुठला जातो ते इथे लिहा.

---

सॉकेटराव

१४७२ ला शांतता. १४६५ ला शांतता. १४६४ ला उत्तर येतं.

---

पाकीटमार

१४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. वाटेत कुठे तरी पीपीपीओईचा (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) टप्पा आहे, त्याचे ८ बाइट गेले. 'अ' च्या नेटवर्क कार्डाला हे माहीत नाही, ते १५०० धरून बसलंय. आयपीआयपी दर पॅकेटला २० बाइटांचं बाहेरचं शीर्षक लावतं, म्हणून लिनक्सने टनेलचा एमटीयू १४८० ठरवला. १४८० चं पॅकेट २० मिळवून १५०० होतं आणि त्या १४९२ च्या टप्प्यावर मरतं.

बरोबर आकडा: १४९२ वजा २० = १४७२. दोन्ही टोकांना हाच द्या.

---

जुनाजाणता

पाकीटमार यांचं निदान बरोबर आहे, पण फक्त एकाच दिशेला आणि फक्त मागच्या यंत्रांनाच त्रास का, हे उलगडून सांगतो. याच नमुन्यावरून पुढच्या वेळी पिंग न मोजताही दोष ओळखता येतो.

फ्रीबीएसडीचा जीआयएफ हा टनेल-इंटरफेस जन्मतः १२८० एमटीयू घेऊन येतो. लिनक्सचा १४८०. म्हणजे तुमची दोन टोकं आत्ता असमान आहेत.

'अ' यंत्र स्वतः 'ब' यंत्राशी टीसीपी जोडणी करतं तेव्हा 'ब' आपला एमएसएस (एका टीसीपी तुकड्यातला कमाल डेटा) १२८० वजा ४० म्हणजे १२४० सांगतो. 'अ' त्याहून मोठे तुकडे पाठवतच नाही. सगळं सुरळीत.

मागची यंत्रं मात्र इथरनेटवर १५०० धरून असतात आणि एकमेकांना १४६० सांगतात. टनेलची त्यांना गंधवार्ता नाही. 'ब' बाजूचं यंत्र १५०० चं पॅकेट सोडतं, फ्रीबीएसडी म्हणतो १२८० च्या वर जाणार नाही, आणि 'तुकडे करणं गरजेचं' असा आयसीएमपी निरोप (प्रकार ३, कोड ४) घरातल्या घरात परत देतो. पाठवणारा आकार कमी करतो. म्हणून ती दिशा चालते.

'अ' बाजूचं यंत्र १५०० चं सोडतं, डेबियन निरोप देतो १४८०. यंत्र १४८० चं सोडतं, बाहेर ते १५०० होतं. लिनक्स टनेलच्या बाहेरच्या शीर्षकावर मुळातच 'तुकडे नकोत' ही खूण लावतो, त्यामुळे १४९२ च्या टप्प्यावर राउटर ते टाकून देतो. त्या राउटरने निरोप पाठवला तरी तो येणार 'अ' च्या सार्वजनिक पत्त्यावर. आणि बहुतेक 'अ' च्या फायरवॉलवर बाहेरून येणारं आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असणार. निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो.

तेव्हा एमटीयू तर दुरुस्त कराच, शिवाय फायरवॉलवर आयसीएमपी प्रकार ३ उघडा. 'सुरक्षेसाठी आयसीएमपी बंद' हा सल्ला जिथे वाचला असेल तिथे पुन्हा जाऊ नका.

---

सॉकेटराव

'अ' वर आयसीएमपी खरंच पूर्ण बंद आहे, वरपासून तिसराच नियम. 'ब' चा जीआयएफ १२८० च दाखवतोय. बदलून पाहतो.

---

शेलशिंपला

दोन्ही टोकांच्या कमांडा इथे सलग असू द्या, पुढे शोधत येणाऱ्यांच्या उपयोगी पडतील.

डेबियन:

मॉडप्रोब आयपीआयपी
आयपी टनेल ॲड टनब मोड आयपीआयपी लोकल २०३.०.११३.१० रिमोट १९८.५१.१००.२० टीटीएल ६४
आयपी ॲडर ॲड १०.२५५.०.१ पीअर १०.२५५.०.२ डेव्ह टनब
आयपी लिंक सेट टनब एमटीयू १४७२ अप
आयपी राउट ॲड १०.२.०.०/२४ डेव्ह टनब
सिसकंट्रोलमध्ये आयपी-फॉरवर्ड १

फ्रीबीएसडी:

आयएफकॉन्फिग जीआयएफ० क्रिएट
आयएफकॉन्फिग जीआयएफ० टनेल १९८.५१.१००.२० २०३.०.११३.१०
आयएफकॉन्फिग जीआयएफ० आयनेट १०.२५५.०.२ १०.२५५.०.१ नेटमास्क २५५.२५५.२५५.२५५
आयएफकॉन्फिग जीआयएफ० एमटीयू १४७२ अप
राउट ॲड -नेट १०.१.०.०/२४ १०.२५५.०.१
आरसी-कॉन्फमध्ये गेटवे-एनेबल 'येस'

तीन गोष्टी नवख्यांना नडतात. एक, मॉड्यूल चढवलं की टनल० नावाचा इंटरफेस आपोआप उगवतो. तो कुठल्याच टनेलशी न जुळणाऱ्या पॅकेटांसाठी आहे, त्याला हात न लावता आपल्या नावाने वेगळा बनवा. दोन, लिनक्सवर इंटरफेसचं नाव १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. तीन, टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) द्याच. दिला नाही तर आतल्या पॅकेटचा टीटीएल बाहेर उतरतो. मग ओएसपीएफची (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल) पॅकेटं (त्यांचा टीटीएल १ असतो) पहिल्याच राउटरवर संपतात आणि शेजारी का जुळत नाही ते कळत नाही.

---

पाकीटमार

वरच्यात भर: एमएसएस बांधून टाका. एमटीयू बरोबर असला तरी मागच्या एखाद्या यंत्राचा फायरवॉल आयसीएमपी गिळत असेल तर तेच रडगाणं पुन्हा. आयपीटेबल्सच्या मँगल टेबलात, फॉरवर्ड साखळीत, टनबमधून बाहेर जाणाऱ्या टीसीपी सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांवर टीसीपीएमएसएस हे लक्ष्य, क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू या पर्यायासह. १४७२ वजा ४० म्हणजे १४३२ एमएसएस लागतो. हाच नियम टनबमधून आत येणाऱ्या सिनवरही हवा, आणि तिथे १४३२ हा आकडा हाताने घाला, कारण आपोआप काढलेला आकडा पॅकेट ज्या दिशेने चाललंय त्या बाजूच्या एमटीयूवरून येऊ शकतो. फ्रीबीएसडीवर पीएफ असेल तर स्क्रब नियमात मॅक्स-एमएसएस १४३२.

हा उपाय फक्त टीसीपीचा. यूडीपीवर चालणारं काही मोठी पॅकेटं टाकत असेल तर एमटीयू आणि आयसीएमपी नीट असण्यावाचून गत्यंतर नाही.

---

सॉकेटराव

झालं. दोन्हीकडे १४७२, आयसीएमपी प्रकार ३ उघडा, एमएसएस १४३२. आता चारही दिशांनी फायली जाताहेत. टनेलच्या आतून १४४४ चा पिंग जातो, १४४५ चा नाही, म्हणजे हिशेब जुळला.

दुसरा प्रश्न राहिला.

---

तिसरी घंटा

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: वायरगार्ड (कूटबद्ध टनेल) घ्या आणि आयपीआयपी काढून टाका. आयपीआयपीत कूटबद्धीकरण नाही, ओळख पटवणं नाही, काहीही नाही. वाटेतला कोणीही सगळं वाचू शकतो. वरून स्रोत-पत्ता खोटा घालून कोणीही तुमच्या टनेलमध्ये पॅकेट घुसवू शकतो, कारण 'ब' फक्त बाहेरचा पत्ता जुळतो का एवढंच बघतो. जीआरई या दुसऱ्या टनेल-प्रकारात 'की' असते म्हणून ते सुरक्षित, असं काही जण समजतात. ती की पॅकेटमध्ये उघडी जाते, ३२ बिटांचा नुसता क्रमांक आहे तो. एकाच जोडीत अनेक टनेल असली तर वेगळी ओळखू यावीत म्हणून आहे.

---

जुनाजाणता

सहमत, पण 'काढून टाका' इतकं सरसकट नाही. दोन टोकांमध्ये आधीच आयपीसेक (आयपी पॅकेटं कूटबद्ध करणारी यंत्रणा) असेल, किंवा दोन्ही टोकं आपल्याच ताब्यातल्या खाजगी लाइनवर असतील, तर जीआरई अजूनही कामाचं. आयपीआयपीत फक्त आयपी आवृत्ती ४ जातं. जीआरईत त्याच एका टनेलमधून आवृत्ती ६ ही जातं, मल्टिकास्ट जातं, ओएसपीएफ काही कसरत न करता चालतं. किंमत २४ बाइट, की लावली तर २८. म्हणजे १५०० च्या वाटेवर १४७६ किंवा १४७२.

सार्वजनिक इंटरनेटवर नागडं जीआरई मात्र नकोच. त्यावर आयपीसेक ट्रान्स्पोर्ट मोडमध्ये, फक्त दोन सार्वजनिक पत्त्यांमधल्या प्रोटोकॉल ४७ पुरतं. टनेल मोड घेतला तर आणखी २० बाइट फुकट जातात, कारण बाहेरचं शीर्षक जीआरईने आधीच लावलेलं असतं.

---

तिसरी घंटा

ओएसपीएफ वायरगार्डवरही चालतं. एका इंटरफेसवर एकच पीअर (समोरचं टोक) ठेवायचा, अलाउड-आयपीजमध्ये (त्या पीअरच्या पत्त्यांची यादी) ०.०.०.०/० द्यायचं आणि डब्ल्यूजी-क्विकला (वायरगार्ड उभं करणारी स्क्रिप्ट) टेबल = ऑफ सांगायचं, म्हणजे तो वाटांत लुडबूड करत नाही. मग २२४.०.०.५ ची पॅकेटंही जातात.

सॉकेटराव, तुमच्यासाठी नेमकं असं. दोन्ही टोकांना युमास्क ०७७ करून डब्ल्यूजी जेनकी, मग पबकी. लिनक्स ५.६ पासून (मार्च २०२०) वायरगार्ड कर्नलमध्येच आहे, फ्रीबीएसडीत १३.२ पासून. डब्ल्यूजी-क्विकसाठी मात्र फ्रीबीएसडीवर वायरगार्ड-टूल्स पॅकेज घ्यावं लागतं आणि कॉन्फिग फाईल स्लॅश-ईटीसीत नव्हे तर यूएसआर-लोकल-ईटीसीखालच्या वायरगार्ड फोल्डरात जाते.

'अ' च्या फाईलमध्ये: ॲड्रेस १०.२५५.०.१/३०, लिसन-पोर्ट ५१८२०. पीअरमध्ये 'ब' ची सार्वजनिक की, एंडपॉइंट १९८.५१.१००.२० पोर्ट ५१८२०, अलाउड-आयपीज १०.२५५.०.२/३२ आणि १०.२.०.०/२४. 'ब' ची फाईल याचं प्रतिबिंब.

एमटीयू: वायरगार्ड १४२० धरतो. बाहेरचं पॅकेट आवृत्ती ४ चं असेल तर ६० बाइट लागतात, १४२० + ६० = १४८०, तुमच्या १४९२ मध्ये बसतं. बाहेरून आवृत्ती ६ वापरलीत तर ८० लागतात, १५०० होतात आणि आत्ता मिटलेला आजार परत. तेव्हा १४१२ करा.

---

निळी लाइन

सगळं वाचतोय, उपयुक्त धागा. एक शंका. एका टोकाला सार्वजनिक पत्ताच नसेल तर? राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.

---

तिसरी घंटा

१००.६४.०.०/१० म्हणजे सेवादाराचा सामाईक नॅट. अनेक ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे. आयपीआयपी आणि जीआरई इथे विसरा: त्यांना पोर्टच नसतात, मग नॅटने येणारं पॅकेट कोणाचं हे ओळखायचं कशावरून? वायरगार्ड यूडीपीत बसतं म्हणून निभतं.

नॅटमागच्या टोकावर एंडपॉइंट लिहायचा, पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ द्यायचं. सार्वजनिक टोकावर एंडपॉइंट लिहायचाच नाही, पहिलं खरं पॅकेट आलं की तो आपोआप शिकतो. २५ सेकंद यासाठी की पुष्कळ नॅट यूडीपीची नोंद ३० सेकंदांत पुसतात. दोन्ही टोकं अशा नॅटमागे असतील तर सार्वजनिक पत्ता असलेलं तिसरं यंत्र मध्ये लागेल.

पिंग मारल्यावर येणाऱ्या दोन चुका ओळखून ठेवा. 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल': त्या पत्त्यासाठी कुठल्याच पीअरच्या अलाउड-आयपीजमध्ये जागा नाही. 'डेस्टिनेशन ॲड्रेस रिक्वायर्ड': पीअर सापडला, पण त्याचा एंडपॉइंट माहीत नाही, म्हणजे समोरून अजून काहीच आलेलं नाही. आणि एकच सबनेट दोन पीअरना दिलंत तर वायरगार्ड तक्रार करत नाही. शेवटी ज्याला दिलं त्याच्याकडे ते जातं, पहिल्याकडून गुपचूप काढून घेतलं जातं.

---

सातवा थर

क्लाउडवर एक टोक असेल तर आणखी दोन खड्डे.

बहुतेक क्लाउडमध्ये यंत्राच्या कार्डावर खाजगी पत्ता असतो आणि सार्वजनिक पत्ता बाहेर एकास-एक जोडलेला असतो. टनेलच्या 'लोकल' मध्ये तो कार्डावरचा खाजगी पत्ता द्यायचा. सार्वजनिक दिलात तर टनेल बनेल, वर येईल, पण एकही पॅकेट जुळणार नाही. समोरच्या टोकाच्या 'रिमोट' मध्ये मात्र सार्वजनिकच.

दुसरा: आयपीआयपी प्रोटोकॉल ४, जीआरई ४७, ईएसपी (आयपीसेकचा) ५०. हे प्रोटोकॉल क्रमांक आहेत, पोर्ट नव्हेत. फायरवॉलमध्ये 'टीसीपी पोर्ट ४७' उघडून काहीही होत नाही. आणि क्लाउडच्या बाहेरच्या सुरक्षा-नियमांत टीसीपी, यूडीपी, आयसीएमपी याखेरीज काही निवडता येतं का ते आधी पाहा, नाही तर यंत्राच्या आत डोकं आपटत बसाल.

---

रिकामा बफर

इतकं कशाला? एसएसएच -डब्ल्यू ०:० दिलं की टन इंटरफेस मिळतो. रूट असलं आणि सर्व्हरवर परमिट-टनेल येस असलं की काम झालं.

---

जुनाजाणता

तासाभराच्या दुरुस्तीसाठी उत्तम. कायमचं नको, कारण टीसीपीच्या पोटात टीसीपी. बाहेरच्या जोडणीचं एक पॅकेट हरवलं की ती सगळं थांबवून ते पुन्हा मागवते. तोवर आतल्या जोडण्यांची मुदत संपते, त्याही तेच पुन्हा पाठवू लागतात, आणि ही सगळी पुनरुक्ती त्याच तुंबलेल्या बाहेरच्या जोडणीत रांग लावते. १८० मिलिसेकंदांच्या वाटेवर एखादा टक्का गळती असली तरी वेग कोसळतो.

वापरायचंच असेल तर सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल १५ द्या, नाही तर मेलेली जोडणी जिवंत दिसत राहते. आणि रूटने एसएसएच करू नका. आयपी टनटॅप ॲड मध्ये यूझर देऊन इंटरफेस आधी बनवून ठेवला की साध्या वापरकर्त्यालाही तो धरता येतो.

---

पाकीटमार

टनेल 'अजिबात चालत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. अंदाज करू नका, टीसीपीडंप (इंटरफेसवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावा, आणि सहा ठिकाणी: 'अ' चं आतलं कार्ड, 'अ' चा टनेल इंटरफेस, 'अ' चं बाहेरचं कार्ड, मग 'ब' कडे हेच उलट्या क्रमाने. बाहेरच्या कार्डावर गाळणी आयपी प्रोटो ४ (जीआरईला ४७, वायरगार्डला यूडीपी पोर्ट ५१८२०). मागच्या यंत्रावरून पिंग चालू ठेवायचं आणि पॅकेट शेवटचं कुठे दिसलं ते बघायचं.

'अ' च्या आतल्या कार्डावर आहे, टनेलवर नाही: वाट चुकीची किंवा फॉरवर्डिंग बंद. आयपी राउट गेट १०.२.०.५ विचारा, टनबचं नाव यायला हवं.

टनेलवर आहे, बाहेरच्या कार्डावर नाही: बाहेर जाणाऱ्या साखळीत फायरवॉल, किंवा समोरच्या टोकाची वाट टनेलमध्येच शिरलीय (खाली लिहितो).

'अ' च्या बाहेर आहे, 'ब' च्या बाहेर पोचत नाही: वाटेत कोणी तरी प्रोटोकॉल अडवतंय. तुमच्या हातात फार काही नाही, यूडीपीवर जा.

'ब' च्या बाहेरच्या कार्डावर आहे, टनेलवर नाही: लोकल-रिमोट उलटे किंवा चुकलेले, नाही तर 'ब' चा फायरवॉल. टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी बघतो, म्हणून 'दिसतंय म्हणजे आत आलंय' असं समजू नका.

'ब' च्या टनेलवर आहे, आतल्या कार्डावर नाही: फॉरवर्डिंग, किंवा 'ब' लिनक्स असेल तर आरपी-फिल्टर. हा १ असेल तर पॅकेट ज्या इंटरफेसवरून आलं त्याच इंटरफेसवरून उत्तराची वाट असावी लागते, नसेल तर ते निमूट टाकलं जातं. लॉग-मार्शियन्स चालू केलं की नोंदी दिसतात. २ म्हणजे सैल तपासणी. 'ऑल' आणि त्या इंटरफेसचा, या दोन किमतींपैकी मोठी लागू होते. त्यामुळे 'ऑल' १ असताना टनबला ० देऊन उपयोग नाही, २ दिलात तरच फरक पडेल.

'ब' च्या आतल्या कार्डावर आहे, पण उत्तर नाही: मागच्या यंत्राचा डीफॉल्ट गेटवे 'ब' नाही, दुसराच राउटर आहे. उत्तर तिकडे जातं आणि हरवतं. त्या राउटरवर १०.१.०.०/२४ ची वाट 'ब' कडे द्या. दहातले निम्मे प्रश्न इथेच संपतात.

---

निळी लाइन

'वाट टनेलमध्येच शिरली' म्हणजे काय?

---

पाकीटमार

सगळी रहदारी 'ब' कडून बाहेर काढायची म्हणून 'अ' ची डीफॉल्ट वाट टनेलकडे वळवली. आता गुंडाळलेलं पॅकेट जायचंय १९८.५१.१००.२० कडे, त्याची वाट कुठली? डीफॉल्ट, म्हणजे तेच टनेल. लिनक्स ते पॅकेट टाकून देतो. उपाय म्हणजे डीफॉल्ट बदलण्याआधी १९८.५१.१००.२०/३२ साठी खऱ्या गेटवेची वेगळी वाट द्यायची. आणि हे दूरवरून करत असाल तर आधी पाच मिनिटांनी जुनी वाट परत आणणारी कमांड 'ॲट' मध्ये टाकून ठेवा. डब्ल्यूजी-क्विक हे काम स्वतः करतो, आपल्या पॅकेटांवर खूण लावून वेगळ्या टेबलाने.

ओएसपीएफमध्ये हेच छुप्या रूपात होतं: समोरच्याने आपला सार्वजनिक सबनेट टनेलमधून जाहीर केला, तुमच्या बाजूला ती वाट डीफॉल्टपेक्षा नेमकी ठरली, टनेल पडलं, वाट गेली, टनेल परत उठलं. दर काही सेकंदांनी उघडझाप दिसली की इथे बघा.

---

सॉकेटराव

वायरगार्ड उभं केलं, 'ब' कडून हस्तांदोलन झालं. आयपीआयपी अजून शेजारी ठेवलंय, वाटा वायरगार्डवर वळवल्यात. पण 'ब' बाजूच्या लॉगमध्ये 'अ' च्या मागची सगळी यंत्रं १०.२५५.०.१ या एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात.

---

शेलशिंपला

'अ' वर मास्करेडचा नियम (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना 'अ' चा पत्ता लावणारा) इंटरफेसचं नाव न देता लिहिलाय. तो बाहेरच्या कार्डापुरता मर्यादित करा, किंवा त्याच्या वर १०.१.०.०/२४ वरून १०.२.०.०/२४ कडे जाणाऱ्यांना ॲक्सेप्ट द्या. जुन्या जोडण्या कॉनट्रॅकमध्ये (लिनक्सची जोडण्यांची नोंदवही) जुन्याच पत्त्यावर राहतील, त्या संपेपर्यंत थांबा किंवा कॉनट्रॅक -डी (मोठा डी) ने पुसा.

---

सातवा थर

'ब' वर रीबूटनंतर टिकण्यासाठी आरसी-कॉन्फमध्ये वायरगार्ड-एनेबल आणि वायरगार्ड-इंटरफेसेस. जीआयएफ ठेवायचंच असेल तर क्लोन्ड-इंटरफेसेसमध्ये जीआयएफ०, टनेलचे दोन बाहेरचे पत्ते क्रिएट-आर्ग्जच्या ओळीत, आणि वाट स्टॅटिक-राउट्समध्ये. डेबियनवर नेटवर्क-इंटरफेसेस फाईलमध्ये 'आयनेट टनेल' ही पद्धत आयती आहे: मोड, एंडपॉइंट, लोकल, डीएसटीॲडर, टीटीएल, एमटीयू, आणि पोस्ट-अपमध्ये वाट.

---

निळी लाइन

समोरचं टोक मेलं तर कळतं कसं? आयपीआयपी इंटरफेस तर कायम 'अप' दाखवतो.

---

जुनाजाणता

दाखवणारच, त्याला समोरच्याची खबर नसते. दुसरं टोक वीज जाऊन बंद पडलं तरी इंटरफेस वर, वाट जागच्या जागी, पॅकेटं अंधारात. दर मिनिटाला समोरच्या आतल्या पत्त्याला पिंग, तेही एक लहान आणि एक पूर्ण आकाराचं (वायरगार्डच्या १४२० ला १३९२), तुकड्यांची मनाई लावून. लहान जातंय आणि मोठं नाही असं झालं तर वाटेतला एमटीयू बदललाय. दोन वाटा असतील तर बीएफडी (समोरचं टोक मेल्याचं झटकन ओळखणारा प्रोटोकॉल).

वायरगार्डला डब्ल्यूजी शो मध्ये लेटेस्ट हँडशेक बघा. रहदारी चालू असताना दर दोन मिनिटांनी नवं हस्तांदोलन होतं, तीन मिनिटांच्या पुढे गेलं की काही तरी बिनसलंय. पाठवलेले बाइट वाढताहेत आणि आलेले शून्यच, तर की चुकलीय किंवा यूडीपी अडतंय. की चुकली असेल तर समोरचा गप्प बसतो, नकारही देत नाही, त्यामुळे दोन्ही कारणं बाहेरून सारखीच दिसतात. समोरच्या टोकावर टीसीपीडंप लावल्याशिवाय वेगळी करता येत नाहीत.

एंडपॉइंटला नाव दिलं असेल तर ते सुरुवातीला एकदाच पत्त्यात बदललं जातं. समोरचा पत्ता नंतर बदलला तर हे टोक जुन्याच पत्त्यावर ठोठावत राहतं. वायरगार्ड-टूल्सबरोबर रीरिझॉल्व्ह-डीएनएस नावाची स्क्रिप्ट येते, ती क्रॉनमध्ये टाका.

---

तिसरी घंटा

त्यात घड्याळ धरा. हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो आणि समोरचा आधी पाहिलेल्या शिक्क्याहून जुना स्वीकारत नाही. ज्या छोट्या बोर्डांना बॅटरीवरचं घड्याळ नसतं ती रीबूटनंतर जुन्या तारखेत उठतात आणि वायरगार्ड मुका होतो. एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर टनेलच्या पलीकडे ठेवला असेल तर पेच पक्का: वेळ मिळायला टनेल हवं, टनेल उठायला वेळ हवी. एक तरी एनटीपी सर्व्हर बाहेरच्या वाटेने गाठता येईल असा द्या.

---

रिकामा बफर

वेगाचं काय? टनेलमुळे १८० मिलिसेकंदांवर वेग पडतो का?

---

पाकीटमार

टनेलमुळे दोन-चार टक्के, शीर्षकांचे. बाकी दोष अंतराचा. १०० मेगाबिटची वाट आणि १८० मिलिसेकंद म्हणजे एका वेळी २.२५ मेगाबाइट हवेत असायला लागतात. फ्रीबीएसडीत टीसीपीचा सेंडबफ-मॅक्स आणि रिसीव्हबफ-मॅक्स मुळात २ मेगाबाइट असतात, तेव्हा एका जोडणीला ९३ मेगाबिटच्या आसपास छत लागतं. गिगाबिटच्या वाटेवर तर फारच तोकडं. हे आकडे वाढवायचे ते फाईल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांवर. टनेलच्या टोकांवर वाढवून काही होत नाही, ती पॅकेटं नुसती पुढे ढकलतात.

---

सॉकेटराव

मास्करेड दुरुस्त केला, आता खरे पत्ते दिसताहेत. वाटेवर सध्या ५० च मेगाबिट आहेत, त्यामुळे बफर तसेच ठेवले. आयपीआयपीचे नियम दोन्ही फायरवॉलमधून काढले, प्रोटोकॉल ४ बंद. फक्त टनेलमधून आवृत्ती ६ न्यायचं राहिलंय.

---

तिसरी घंटा

अलाउड-आयपीजमध्ये दोन्हीकडची आवृत्ती ६ ची सबनेट घाला, फॉरवर्डिंग आवृत्ती ६ साठी वेगळं चालू करावं लागतं. एमएसएस ४० ऐवजी ६० वजा करून, म्हणजे १४२० ला १३६०. आणि पुढे कधी एमटीयू कमी करायची पाळी आली तर १२८० च्या खाली नेऊ नका, त्याखाली लिनक्स त्या इंटरफेसवरून आवृत्ती ६ काढूनच टाकतो.